दोष आढळला नाही

महसूल खात्यात एकतीस वर्षे काढून तहसीलदाराच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेल्या, आणि आमच्या सोसायटीतील आबालवृद्ध ज्यांना 'मामा' या एकाच नात्याने ओळखतात, त्या माझ्या शेजाऱ्यांची कागदावर जितकी निष्ठा आहे तितकी मनुष्याच्या शब्दावर नाही, आणि यंत्रावर तर ती मुळीच नव्हती. तथापि अडीच वर्षांपूर्वी, नातवंडांच्या आग्रहाने म्हणा अथवा पेट्रोलच्या भावाने म्हणा, त्यांनी विजेवर चालणारी मोटार घेतली, आणि पुढे वर्षभर तिचे गुणगान इतक्या सातत्याने केले की पेट्रोलची गाडी बाळगणारा मी त्यांना थकबाकीदार खातेदारासारखा दिसू लागलो.

गेल्या मार्गशीर्षात मामा-मामी वाईच्या गणपतीला निघाले असता, खंबाटकीच्या चढावर, समोरच्या पडद्यावर बॅटरी अजून ३८ टक्के भरलेली दिसत असताना, एकाएकी कासवाचे चित्र उजळले आणि गाडी खरोखरीच कासवाच्या गतीने चालू लागली. मागून येणाऱ्या मालट्रकांचे भोंगे ऐकत त्यांनी कसाबसा माथा गाठला, तेथे दहा मिनिटे गाडी उभी केली, आणि नंतर काही घडलेच नाही अशा थाटात ती वाईपर्यंत गेली. त्यानंतर डीलरच्या सर्व्हिस सेंटरच्या तीन वाऱ्या झाल्या. पहिल्या वारीत सॉफ्टवेअर अद्ययावत झाले; दुसरीत बॉनेटखालची बारा व्होल्टांची लहान बॅटरी बदलली गेली; तिसरीत गाडी एकेचाळीस दिवस तेथेच राहिली, आणि मुख्य बॅटरीतला एक भाग नवा बसवून परत आली. त्या डीलरचे आणि कंपनीचे नाव मी येथे घेत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही, आणि मामांनीही आपली फिर्याद मांडताना ते फारसे घेतले नाही.

मामांचा सख्खा भाचा चाकणच्या बाजूला एका कारखान्यात बॅटऱ्यांच्या तपासणीचे काम करतो. एका रविवारी सकाळी तो आला असताना मामांनी तिन्ही जॉब कार्डे टीपॉयवर मांडली, मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतले, आणि जो वाद झाला तो मी शक्य तितका यथातथ्य येथे उतरवून देत आहे.

मामा : हे तीन कागद वाच. पहिल्यावर शेरा आहे, 'तपासणी केली, दोष आढळला नाही.' दुसऱ्यावर तोच शेरा, तारीख तेवढी निराळी. तिसऱ्यावर दोनच शब्द, 'दुरुस्ती पूर्ण.' जो दोष दोनदा अस्तित्वातच नव्हता त्याची तिसऱ्या खेपेस दुरुस्ती कशी झाली, हे मला कोणी समजावून देईल काय? माझ्या तलाठ्याने असला फेरफार लिहून आणला असता तर त्याच दिवशी मी त्याला कारणे दाखवा नोटीस दिली असती.

भाचा : मामा, तो शेरा खोटा नव्हता, अपुरा होता. तुमच्या गाडीच्या तळाशी जी पेटी आहे तिच्यात सुमारे शंभर सेल एकसर जोडलेले आहेत; प्रत्येकाचा दाब जेमतेम सव्वातीन व्होल्ट, पण सगळ्यांचा मिळून तीनशेच्या वर जातो. एकसर जोडणीत जो प्रवाह पहिल्या सेलमधून जातो तोच शंभराव्यातूनही जावा लागतो. त्यामुळे आठ बैली नांगराचे सात बैल धट्टेकट्टे आणि आठवा अशक्त असला तर औत जसे त्या आठव्याच्या चालीने चालते, तसेच या पेटीचे आहे. गाडी डीलरच्या शेडमध्ये नुसती उभी असताना तो अशक्त सेल इतरांच्या बरोबरीचाच दिसतो. घाटात मोटरने एकदम प्रवाह ओढला की त्याचा दाब कोसळतो, आणि बीएमएस म्हणून जो कारकून त्या पेटीत बसलेला आहे तो त्या सेलची हानी होऊ नये म्हणून साऱ्या गाडीचाच हात आखडता घेतो. कासव हे त्या कारकुनाच्या दक्षतेचे चिन्ह आहे.

मामा : कारकून दक्ष आहे हे ऐकून समाधान वाटले. मग त्या दक्ष कारकुनाने पाहिले ते त्याच्या साहेबाला का दिसले नाही? आणि ३८ टक्के शिल्लक दाखवणाऱ्या खात्यातून पैसे काढता येत नसतील तर ती शिल्लक खरी कशी मानायची?

भाचा : तो आकडा शिलकीचा नाही, अंदाजाचा आहे. पेट्रोलच्या टाकीत तरंगी असते, ती खाली-वर होते. बॅटरीत किती वीज उरली हे असे बघता येत नाही, दाब आणि वाहिलेला प्रवाह यांवरून त्याचा हिशेब मांडावा लागतो. तुमच्या गाडीतले सेल लोह-फॉस्फेट जातीचे आहेत. त्यांचा गुण असा की ते उष्णतेला बरेच सोशिक असतात, आणि अवगुण असा की भरलेले असोत वा निम्मे रिकामे, त्यांचा दाब जवळजवळ सारखाच राहतो, म्हणून कारकुनाचा हिशेब हळूहळू चुकत जातो. आठवड्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरा असे पुस्तिकेत सांगितलेले असते ते याचसाठी. भरलेल्या टोकाला गेल्यावरच त्याला आपली वही जुळवून घेता येते.

मामा : पुस्तिकेत बरेच काही सांगितलेले असते. पण बारा व्होल्टांची लहान बॅटरी बदलली ती कशासाठी? हत्तीच्या पायात काटा आणि मलमपट्टी माहुताला, असा तो प्रकार नव्हे काय?

भाचा : तो तर्क अगदीच वेडगळ नव्हता. मोठ्या पेटीचे दार ज्या विद्युत्चलित कड्यांनी उघडते त्या कड्या, आणि गाडीतले सगळे लहानमोठे संगणक, त्या बारा व्होल्टांवरच चालतात. ती लहान बॅटरी मेली तर मोठी पेटी काठोकाठ भरलेली असूनही गाडी हलत नाही. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या त्या याच कारणाने. लहान बॅटरीला वीज पुरवणाऱ्या नियंत्रकात दोष निघाला होता. पहिल्याने साधे आणि स्वस्त कारण तपासावे, मग अवघड, हा वैद्याचाही शिरस्ता आहे.

मामा : वैद्य निदान नाडीवर बोट तरी ठेवतो. बरे, तिसऱ्या खेपेचे बोलू. शंभरांतला एक सेल नासका निघाला, तर त्यांनी त्याच्या आसपासचे काही सेल बदलून नवे बसवले. नव्या धोतराला जुने ठिगळ लावलेले पाहिले होते. जुन्याला नवे लावून धोतर नवे झाले म्हणणारे हेच पहिले. मी सबंध पेटी बदलून मागितली होती. ती मागणी वावगी होती काय?

भाचा : वावगी नव्हती, पण ती सर्वोत्तमही नव्हती. पेटीचे वजन तीन-चार क्विंटल असते. तिच्यातले नव्याण्णव सेल धडधाकट असताना ती सगळी भंगारात काढणे म्हणजे एका खोलीचे छत गळते म्हणून वाडा पाडण्यासारखे आहे. शिवाय वॉरंटी संपल्यावर हाच प्रश्न तुमच्या खिशापाशी येईल. गाडीबरोबर येते तेव्हा त्या पेटीवर पाच टक्के जीएसटी पडतो, आणि तीच सुटी घेतली तर अठरा टक्के. मॉड्यूल, म्हणजे पेटीतला सेलचा एक गट, बदलण्याची विद्या या देशातल्या कारागिरांच्या हाती लवकर यावी यातच ग्राहकाचे हित आहे. अट एवढीच की नवे मॉड्यूल बसवण्यापूर्वी त्याचा दाब जुन्यांशी नीट जुळवून घेतला पाहिजे. तसे न केले तर नवा बैल आणि जुने बैल पुन्हा एकमेकांना ओढत बसतात.

मामा : जुळवून घेतला होता काय?

भाचा : या कागदावरून सांगता येत नाही.

मामा : (माझ्याकडे वळून) मास्तर, हा जबाब लक्षात ठेवा. (भाच्याला) तू मला वाड्याचा दृष्टांत देतोस, तर मी तुला एडिसनचा देतो. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळतो. त्या गृहस्थाने विजेच्या मोटारींसाठी लोखंड-निकेलची बॅटरी काढली, मोठा गाजावाजा करून बाजारात आणली, आणि ती गळते व तिची शक्ती घटते असे ध्यानात येताच १९०४ मध्ये कारखाना थांबवून विकलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या. तेथे एखाददुसऱ्या सेलचे ठिगळ नव्हते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे साधले ते आजच्या कंपनीला का साधू नये?

भाचा : त्याच्यापुढची गोष्टही सांगा ना. सुधारलेली बॅटरी यायला १९०९ साल उजाडले; मधली पाच वर्षे एडिसनची बॅटरी ज्यांना हवी होती त्यांच्या हाती काही नव्हते, आणि तोवर पेट्रोलच्या मोटारीने मैदान मारले होते. दोष मान्य करून सगळे परत घेणे हा थोरपणा खरा, पण तो प्रत्येक वेळी ग्राहकाच्या सोयीचा असतोच असे नाही. अलीकडचे उदाहरण घ्या. अमेरिकेत शेवरोले बोल्ट या गाडीला आगी लागू लागल्या, तेव्हा शोधाअंती असे निघाले की एकाच सेलमध्ये दोन दोष एकत्र आले तर, म्हणजे ऋणाग्राची पट्टी फाटलेली आणि दोन ध्रुवांमधला पडदा दुमडलेला असला तरच, आग लागते. २०२१ च्या ऑगस्टपर्यंत बनलेली जवळपास प्रत्येक बोल्ट, सुमारे एक लाख बेचाळीस हजार गाड्या, कंपनीने परत बोलावली. मालकांना सांगण्यात आले की गाडी घराबाहेर उभी करा, रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. सेल बनवणाऱ्या एलजीने त्या खर्चापोटी १९० कोटी डॉलरपर्यंत भरपाई मान्य केली. पुढे मात्र नंतरच्या सालांतल्या अनेक गाड्यांची पेटी न बदलता कंपनीने त्यांच्यात एक तपासणीचे सॉफ्टवेअर घातले. ते सुमारे दहा हजार किलोमीटरपर्यंत बॅटरी ऐंशी टक्क्यांवर भरू देत नाही, आणि त्या अवधीत सेल संशयास्पद वाटला तरच पेटी बदलतात. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

मामा : मला तो मार्ग असा वाटतो की शंभर बिघे जमीन विकून ऐंशी बिघ्यांचा ताबा दिला, आणि वीस बिघ्यांचे पुढे पाहू म्हणून सांगितले.

भाचा : पण त्या वीस बिघ्यांखाली विहीर खचते आहे की नाही याची खात्री होईपर्यंत, मामा.

येथे मामी पोह्यांच्या बशा घेऊन आल्या, आणि दोघेही पक्षकार काही काळ निःशब्द झाले. पोहे संपले तरी मामांचा त्वेष संपला नव्हता. त्यांनी विषय बदलून डीलरवर आणला.

मामा : एकेचाळीस दिवस. प्रत्येक सोमवारी मी जाऊन उभा राहत असे. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून एक तरुण मुलगा होता, बोलायला गोड, चहा पाजणारा. दर खेपेस एकच वाक्य : 'सर, कंपनीकडून अप्रूव्हल यायचे आहे.' मी म्हणालो, बाबा रे, मी स्वतः आयुष्यभर 'प्रकरण वरिष्ठांकडे सादर केले आहे' हे वाक्य लोकांना ऐकवले. आज ते माझ्यावरच उलटले.

भाचा : तो मुलगा खोटे बोलत नव्हता. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या की त्यांना हात लावण्याचा अधिकार शेडमधल्या प्रत्येकाला नसतो. प्रशिक्षण झालेला माणूस, हजार व्होल्टांचे रबरी हातमोजे, मधला प्लग काढून काही मिनिटे थांबणे, मग दाब शून्य झाल्याची रुजुवात, आणि एवढे झाल्यावरच पेटीचे झाकण. ते उघडण्यापूर्वी गाडीतली सगळी नोंद कंपनीच्या तंत्रज्ञांकडे पाठवायची आणि त्यांच्या हुकुमाची वाट बघायची. मॉड्यूल डीलरच्या कोठारात नसते. लिथियमची बॅटरी वाहतुकीच्या नियमांत नवव्या वर्गातला धोकादायक माल समजली जाते, आणि सदोष असेल तर तिला विमानाने नेताच येत नाही. डीलर या साखळीतला फार तर टपालवाला आहे.

मामा : टपालवाला! मग पत्र हरवले तर दाद कोणाकडे मागायची, हे सांग. डीलर म्हणतो मी टपालवाला. कंपनी म्हणते आमचा तुमचा करार नाही, बिल डीलरचे आहे. गोव्यातल्या एका ग्राहकाची हकीकत मी मुद्दाम वाचून काढली आहे. त्याला २०११ ची म्हणून गाडी विकली, निघाली ती २००९ ची. राज्य आयोगाने आणि राष्ट्रीय आयोगाने कंपनीलाही जबाबदार धरले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले, का, तर कंपनी आणि डीलर यांचे नाते धनी आणि मुखत्यार असे नसून दोन स्वतंत्र धन्यांचे आहे, आणि डीलरने काय केले हे कंपनीला ठाऊक असल्याचा पुरावा नाही. आता बोल.

भाचा : बोलतो. त्या खटल्यातला अपराध विक्रीतला होता, गाडीच्या घडणीतला नव्हता. तुमच्या बॅटरीची आठ वर्षांची अथवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी डीलरने दिलेली नाही. ती कंपनीने स्वतःच्या सहीशिक्क्याने दिली आहे. आणि नव्या ग्राहक कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे एक आख्खे प्रकरणच आहे असे ऐकतो.

मामा : ऐकतोस ते अर्धे. २०१९ चा तो कायदा, २० जुलै २०२० पासून अंमलात आलेला, मी ओळीने वाचला आहे. त्या प्रकरणात 'हानी' या शब्दाची व्याख्या करताना खुद्द वस्तूची झालेली हानी वगळली आहे. म्हणजे बॅटरी पेटून माझा हात भाजला तर ते प्रकरण कामाचे, बॅटरीच निकामी झाली तर त्याचा उपयोग नाही. निकामी वस्तूसाठी जुनीच वाट : मालात दोष आणि सेवेत त्रुटी. ती वाट खुली आहे. गाडीपोटी मोजलेली रक्कम पन्नास लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगाकडे जाता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पण पुढे काय? ज्या दोषाचा निर्णय नुसत्या डोळ्यांनी होत नाही त्याच्यासाठी आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, असे कलम आहे. प्रयोगशाळा विचारील, दोष कोणता? मी हे तीन कागद पुढे करीन. त्यांवर लिहिले आहे, दोष आढळला नाही. माझ्याच हातातला पुरावा माझ्याच विरुद्ध जबानी देईल.

यावर भाचा काही वेळ बोलला नाही. मला वाटले, वाद संपला. परंतु मामींनी रिकाम्या बशा उचलता उचलता तिन्हींतले पहिले जॉब कार्ड हाती घेतले आणि चष्मा सरसावून वरच्या बाजूचा मजकूर मोठ्याने वाचला.

मामी : 'ग्राहकाची तक्रार : गाडी मध्येच बंद पडते.' हे कोणी सांगितले हो त्यांना?

मामा : मीच सांगितले. कोण सांगणार दुसरे?

मामी : पण गाडी बंद कुठे पडली होती? हळू झाली होती. आणि मध्येच नाही, घाटात. दुधाच्या रतिबाची नोंद पै-पैशाने ठेवता, आणि तिथे जाऊन हे सांगितलेत?

भाचा : (हसू आवरत) मामा, हेच मी विचारणार होतो. 'मध्येच बंद पडते' असे लिहिलेले असल्यावर तो कारागीर गाडी घेऊन सपाट रस्त्याने एक फेरी मारणार, ती बंद पडत नाही हे बघणार, आणि लिहिणार, दोष आढळला नाही. 'खंबाटकीचा चढ, ३८ टक्के, कासव लागले, दहा मिनिटांनी गेले' असे चार शब्द त्या चौकटीत असते तर कोणीही जाणता माणूस प्रथम भाराखालचे सेलचे दाब तपासायला धावला असता. तुमचे निम्मे दिवस त्या एका वाक्यात गेले.

मामांनी तो कागद परत घेतला, दोनदा वाचला, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ज्या निर्विकारपणे अनेकांच्या चुका ऐकल्या असतील त्याच निर्विकारपणे स्वतःची ऐकून घेतली.

मामा : मान्य. फिर्यादच मोघम होती. निकाल मोघम लागला. परंतु एक सांग, मी मोघम लिहून दिले कारण मला सेल दिसत नव्हते. त्यांना दिसत होते. मोडी न वाचता येणाऱ्या कुळाने तोंडी सांगितले ते नीट लिहून घेणे हे कारकुनाचे काम. आणि अखेरच्या खेपेस, दोष सापडल्यावर, तो कोणता होता हे लिहायला काय हरकत होती?

भाचा : हरकत आहे, आणि ती मी आमच्या बाजूने प्रामाणिकपणे मांडतो. आकडे दिले की लोक ते वाचतात, पण त्यांचा अर्थ प्रत्येकाला लागतोच असे नाही. दोन सेलमध्ये वीस मिलिव्होल्टांची तफावत ही किरकोळ गोष्ट आहे. तोच आकडा कागदावर दिला तर दुसऱ्या दिवशी माणूस दारात उभा राहील. बॅटरीचे आरोग्य म्हणून जो टक्का सांगतात तोही अंदाजच. खरे मोजमाप करायचे तर ठराविक तपमानात पेटी सावकाश पूर्ण रिकामी करून पूर्ण भरावी लागते. अमुक गाडीचे आरोग्य ९१ टक्के आणि शेजाऱ्याच्या गाडीचे ९४, एवढ्यावरून भांडणे होतील.

मामा : होऊ देत. सातबाऱ्याचा उतारा खातेदाराच्या हाती जाऊ लागला तेव्हाही भांडणे झाली. बांधावरची कोयती निघाली, कचेरीत गर्दी झाली. म्हणून आम्ही उतारा देणे बंद केले नाही. उताऱ्यामुळे भांडण लागत नसते रे. उतारा नसेल तर ते भांडण मिटत नाही. आणि हे तुमच्याच धंद्यात सिद्ध झालेले आहे. निसान लीफची हकीकत तू मला मागे सांगितली होतीस.

भाचा : ॲरिझोनाची. खरे आहे. त्या गाडीच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात फीनिक्सच्या मालकांच्या लक्षात आले की तिचा पल्ला झपाट्याने घटतो आहे. त्या गाडीच्या पडद्यावर बॅटरीच्या क्षमतेच्या बारा रेघा असत. एकेकाच्या दोन दोन, तीन तीन रेघा गेल्या, लोकांनी त्या मोजल्या, एकमेकांशी ताडून पाहिल्या, आणि कंपनीला अखेर लेखी वचन द्यावे लागले की पाच वर्षांत अथवा साठ हजार मैलांत रेघा नऊच्या खाली गेल्या तर बॅटरी दुरुस्त करून अथवा बदलून देऊ. मात्र ते वचनही बाराचे नव्हते. निदान नऊपर्यंत आणून देण्याचे होते.

मामा : नऊ तर नऊ. पण त्या रेघा होत्या म्हणून मोजता आल्या. माझ्या पडद्यावर रेघ नाही, फक्त 'इतके किलोमीटर जाल' असा आशीर्वाद आहे.

भाचा : मग तुम्हाला आवडेल अशी एक बातमी देतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटऱ्यांचा नवा कायदा केला, त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या विजेच्या मोटारीच्या प्रत्येक बॅटरीला स्वतःचा पासपोर्ट असला पाहिजे. ती कोठे बनली, कशाची बनली, तिची क्षमता किती, हे सगळे एका खुणेच्या चौकटीवरून वाचता येईल.

मामा : पासपोर्ट कसला? सातबाराच तो! गट क्रमांक, क्षेत्र, आकार, बोजा, फेरफार, सगळे आले. आपल्याकडे?

भाचा : आपल्याकडे २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटरींना आगी लागल्यावर सुरक्षेचे नियम कडक झाले, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले, आणि त्यांच्या चाचण्या येथेच, आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतही होतात. सदोष गाड्या परत बोलावण्याचा नियम १ एप्रिल २०२१ पासून आहे. पण हे सारे गाडी विकण्यापूर्वीचे, अथवा एकदम शेकडो गाड्यांचे. एका माणसाच्या एका गाडीची दुरुस्ती झाली तर कागदावर काय लिहून द्यावे, हे अजून डीलरच्या मर्जीवर आहे.

मामा : मग ती मर्जी आपण बदलू. मी उद्या जातो. तू मला फक्त काय मागायचे ते लिहून दे, आणि या वेळी मी मोघम बोलणार नाही.

भाच्याने जॉब कार्डाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिले : दोषाचा क्रमांक, जसा गाडीने नोंदवला तसा; दुरुस्तीपूर्वी भाराखाली सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलचा दाब; दुरुस्तीनंतर तोच; काढलेल्या आणि बसवलेल्या मॉड्यूलचा क्रमांक. लिहून झाल्यावर तो म्हणाला, "एवढे कोणताही डीलर पाच मिनिटांत देऊ शकतो, कारण एवढे त्याच्या संगणकात असतेच. मात्र मामा, आकडे चांगले निघाले तर पेटी बदलून मागणार नाही, असे वचन द्या." मामा म्हणाले, "आकडे बघून ठरवीन." त्या एका मुद्द्यावर मामा-भाच्यांची तडजोड झाली नाही, आणि मला वाटते ती होण्याची गरजही नव्हती.

या वादात दोघेही आपापल्या जागी बरोबर होते असे म्हणून साक्षीदाराला सुटता येणार नाही, म्हणून माझे मत सांगतो. शंभर सेलच्या पेटीत एखादा कच्चा निघाला, तर तो यंत्राचा धर्म आहे, आणि भाचा म्हणतो त्याप्रमाणे त्याबद्दल सबंध पेटी मागणे अनाठायी आहे. दुरुस्तीला एकेचाळीस दिवस लागले, तेही, सुटे भाग आणि शिकलेले हात वाढेपर्यंत, सोसून नेता येतील. परंतु दुरुस्ती करून ती कशाची केली हे न सांगणे याला यंत्राचा धर्म जबाबदार नाही. तेथे मामांचाच पक्ष खरा. आणि सांगणाऱ्याने नीट सांगितले तरच लिहिणारा नीट लिहील, हा मामींचा मुद्दा त्या दोघांच्याही वर आहे.

सोमवारी मामा गेले. ॲडव्हायझर मुलाने प्रथम 'असे देत नाही सर' म्हटले, मग आत जाऊन विचारून आला, आणि संगणकावरचे आकडे पाहून स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून शिक्का मारून दिला. दुरुस्तीपूर्वी चढावरच्या भारात इतर सेल ३.१ व्होल्टांवर असताना एक सेल २.६ वर आला होता. आता सर्वांत वरच्या आणि खालच्या सेलमध्ये तीस मिलिव्होल्टांचे अंतर आहे. मामांनी तो कागद फाइलला लावला, आणि पेटी बदलून मागितली नाही.

वाचकांपैकी ज्यांची गाडी आज सर्व्हिस सेंटरमध्ये उभी असेल त्यांना एवढेच सांगणे : तक्रार कोठे, किती टक्क्यांवर, कोणत्या रस्त्यावर आणि किती वेळ घडली ते लिहून द्या, आणि किल्ली हाती घेण्यापूर्वी, समाधानाच्या चौकटीत सही करण्यापूर्वी, वरच्या चार ओळी लिहून घ्या.